पालखी कुठे किती थांबली

माझ्या ब्लॉगवर पहिली शिवी आली तेव्हा मी ऑफिसात डबा खात होते. समोरच्या टेबलावरच्या बाईंनी जेवणाच्या सुट्टीत माझं पान उघडलं होतं, कारण लोणच्याच्या सामानाची यादी तिथे आहे असं मीच त्यांना सांगितलं होतं. त्यांनी वाचलं, घसा खाकरला आणि म्हणाल्या, "तुमच्या लेखाखाली कुणीतरी काहीतरी लिहिलंय. पण आधी जेवून घ्या."

मी जेवून घेतलं, डबा धुतला आणि मग वाचलं. "बाई, आधी आपल्या घरातला केर काढा, मग देवाच्या पालखीकडे बघा." यात शिवी कुठे आहे, असं कुणी विचारील. ती पुढच्या ओळीत होती. खाली सही होती, "अनामिक".

हे २००७ सालचं. तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते आणि रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या ऑफिसात आवक-जावक सांभाळत होते. ऑफिसात येणारा प्रत्येक कागद आधी माझ्याकडे येई. त्याला क्रमांक द्यायचा, तारीख घालायची, कुणाकडून आला, विषय काय, पुढे काय केलं, हे रकान्यांत लिहायचं. हे काम मी तोवर बावीस वर्षं केलं होतं. त्याचा परिणाम माझ्या स्वभावावर झाला, की माझ्या स्वभावामुळे ते टेबल मला मिळालं, याबद्दल नवऱ्याचं आणि माझं एकमत नाही.

ब्लॉग सुरू झाला तोही कामातूनच. सरकारने संगणकाची परीक्षा सगळ्यांना सक्तीची केली, मी ती दिली, आणि शिकलेलं वाया जाऊ नये म्हणून घरच्या संगणकावर ब्लॉग उघडला. त्यावर मी याद्या लिहीत असे. पावसाळ्याआधी करायच्या कामांची यादी. गणपतीला गावी न्यायच्या सामानाची यादी. आजारी माणसाला भेटायला गेल्यावर काय बोलू नये त्याची यादी. ती सगळ्यांत जास्त वाचली गेली आणि सगळ्यांत कमी पाळली गेली. वाचक एकूण सतरा होते. त्यांतले नऊ नातेवाईक.

मग मी पालखीची यादी लिहिली.

आमचं गाव पावसच्या बाजूला. आम्ही राहतो शहरात, पण सासूबाई गावीच असतात आणि शिमग्याला आम्ही झाडून सगळे तिथे जातो. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी देवळातून निघते आणि घरोघरी येते. आमच्या वाडीचा एक दिवस ठरलेला असतो. वाडीत घरं सोळा. पालखीने कुठल्या घरी पहिल्यांदा जायचं, कुठल्या घरी मग, हा क्रम पणजोबांच्या आधीपासून ठरलेला आहे आणि तो बदलण्यापेक्षा जिल्ह्याची हद्द बदलणं सोपं. आमचं घर नववं. (या लेखातले सगळे क्रमांक मी बदलले आहेत. कृपया कुणी मोजत बसू नये.)

पालखी दारात येते, अंगणात पाटावर बसते, घरातली बाई देवीची ओटी भरते, घरचा माणूस नारळ देतो, गुरव गाऱ्हाणं घालतो, म्हणजे त्या घराचं जे काही मागणं असेल ते सर्वांच्या वतीने मोठ्याने देवासमोर मांडतो, आणि बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. एवढं सगळं सावकाश केलं तरी वीस मिनिटांत होतं. ओटी भरेपर्यंत सासूबाई काही खात नाहीत. पाणीसुद्धा घोटभरच. त्या वर्षी त्या एक्याऐंशीच्या होत्या.

पालखी सकाळी आठला निघाली. आमच्याकडे पोचली साडेचारला.

मार्चचं ऊन, अंगण सारवून झालेलं, रांगोळी दोनदा कोंबड्यांनी विस्कटलेली आणि दोनदा मी पुन्हा काढलेली. हातात काम नसलं की मला सुचतं ते सुचलं. पालखी बसली की ढोल थांबतो, उठली की पुन्हा वाजतो. आमच्या अंगणात बसून खालच्या आठही घरांचा ढोल स्पष्ट ऐकू येतो. मी कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर वेळा टिपायला लागले. पहिलं घर एक तास पंचवीस मिनिटं. दुसरं चाळीस मिनिटं. तिसरं एक तास पन्नास मिनिटं. चौथं वीस. पाचवं एक तास दहा. सहावं पस्तीस, सातवं पंधरा, आठवं पंचावन्न.

कारणं नवऱ्याने पुरवली. तो पालखीच्या खांदेकऱ्यांत होता. पहिल्या घरी मानकऱ्यांचा चहा, नाश्ता आणि गेल्या वर्षीच्या भांडणाची उजळणी. तिसऱ्या घरी एक निवृत्त साहेब. त्यांनी गावाच्या विकासावर भाषण केलं, आणि व्हिडिओवाल्याचा कॅमेरा चालू नव्हता असं लक्षात आल्यावर पालखी पुन्हा उचलायला लावून पुन्हा बसवली. पाचव्या घरी दोन भावांत नारळ कुणी द्यायचा यावरून वाद. देव मध्ये बसून ऐकत होता, असं नवरा म्हणाला.

शहरात परतल्यावर मी हे सगळं ब्लॉगवर घातलं. घर, वेळ, कारण, असे तीन रकाने. खाली लिहिलं की ओटीचं ताट घेऊन उपाशी बसणाऱ्या बायकांचा विचार करून प्रत्येक घराने वीस मिनिटांत आटपावं. एकाही माणसाचं नाव घातलं नाही. पहिलं घर, दुसरं घर, तिसरं घर, एवढंच. या खबरदारीचं मला स्वतःलाच कौतुक वाटलं होतं.

माझी चूक काय झाली ती थोरल्या जाऊबाईंनी फोनवर सांगितली. त्या मुंबईला असतात. "काय गो, तू एवढी शिकलेली," त्या म्हणाल्या, "नावं घातली असतीस तर परवडलं असतं. एकेक नाव वाडीत तिघातिघांचं हाय. नंबर एकालाच असतो."

बावीस वर्षं क्रमांक देण्यात घालवलेल्या बाईला हे दुसऱ्याने सांगावं लागलं.

तोवर प्रतिक्रिया एकोणीस झाल्या होत्या. गावचे बरेच पुरुष मुंबईला नोकरीला, त्यांच्या ऑफिसांत इंटरनेट, आणि ऑफिसात काम किती असतं हे मला माहीत आहे. गावात ज्यांच्या तोंडून माझ्यासमोर "काय वैनी, बरी हास ना?" यापलीकडे शब्द फुटत नाही, ते अनामिक झाल्याबरोबर घडाघडा बोलायला लागले होते. शिमग्याला पाच दिवस बोंब मारायची परवानगी असते. यांनी मुदतवाढ घेतली होती.

मी काय करणार? आवक झालेल्या कागदाचं जे करते तेच केलं. एक वही घेतली, रकाने आखले. क्रमांक, तारीख, स्वरूप, कार्यवाही. स्वरूपाच्या रकान्यात सुरुवातीला तीनच प्रकार होते: शिवी, सल्ला, आणि शिवीसह सल्ला. मग वाढवावे लागले. "धर्म बुडाला" हा एक स्वतंत्र प्रकार झाला. "तुमच्या माहेरी असंच चालतं का" हा दुसरा. माझं माहेर खेडचं, त्यामुळे जगबुडी नदीच्या पलीकडच्या सगळ्यांचा उद्धार त्यात होऊन गेला. तिसरा प्रकार "नवऱ्याला सांगा". असं लिहिणाऱ्यांपैकी एकानेही नवऱ्याला स्वतः सांगितलं नाही. तो बाजारात त्यांना भेटत होता, ते त्याला चहा पाजत होते.

शिवीगाळ करणाऱ्या माणसाबद्दल माझी त्या वहीतून काही मतं झाली. तो लांब लिहितो. तो आपण रागावलेलो नाही असं सुरुवातीलाच सांगतो. आणि त्याला गप्प बसवत नाही, म्हणून तो आपली ओळख स्वतःच देतो. आवक क्रमांक बारामध्ये एका अनामिकाने मला चार ओळी झोडपून पाचव्या ओळीत लिहिलं होतं, "पालखी दुसऱ्यांदा उचलली ती शूटिंगसाठी नव्हे, आमची कॅसेट अडकली होती म्हणून." कार्यवाहीच्या रकान्यात मी लिहिलं, "ओळख पटली. नस्ती बंद."

हसण्यासारखं होतं ते हसून झालं. क्रमांक तेवीस तसा नव्हता. त्यात शिवी नव्हतीच. "तुमची निळी गाडी रोज साडेनऊला उताराला लागते. उतारावर ब्रेक सांभाळा." एवढंच.

मी तो कागद छापून घेतला, क्रमांक घातला आणि ब्लॉगवरचे माझे सगळे लेख पुन्हा वाचून काढले. ब्लॉगवर माझी गाडी कुठेही नव्हती. पुढचे पंधरा दिवस मी समोरच्या टेबलावरच्या बाईंच्या स्कूटरवर मागे बसून ऑफिसला गेले आणि घरी सांगितलं की गाडी दुरुस्तीला टाकलीय. गाडी खरोखरच मेकॅनिककडे नेली होती. ब्रेक तपासून घेतले. ब्रेक उत्तम होते. मग मी पुन्हा साडेनऊला निघायला लागले, कारण साडेनऊला निघाल्याशिवाय पावणेदहाला सही होत नाही, आणि सही न झाल्याचं कारण म्हणून "अनामिक" असं लिहायला हजेरीपटात जागा नसते.

त्याच दिवसांत मी ब्लॉगची व्यवस्था बदलली. प्रतिक्रिया आधी माझ्याकडे यायची, मी पास केली तर दिसायची. ही सोय पहिल्यापासून होती. मी ती वाचली नव्हती. माहितीपत्रक न वाचता मशीन चालू करणाऱ्यांना मी आयुष्यभर बोलत आले होते.

दार बंद झाल्यावर लोक जुन्या रस्त्याने आले. एक दिवस ऑफिसच्या डाकेत एक पाकीट होतं. मी फोडलं. "आपल्या कार्यालयातील आवक-जावक लिपिक कार्यालयीन वेळेत देवाधर्माची निंदा करणारे लिखाण करतात, तरी चौकशी व्हावी." सही नाही. आता माझ्याविरुद्धची तक्रार झाली म्हणून काय, आवक ती आवक. मी तिला क्रमांक दिला, तारीख घातली, विषयाच्या रकान्यात "आवक-जावक लिपिकाविरुद्ध तक्रार (निनावी)" असं लिहिलं आणि कागद साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

साहेबांनी चष्मा वर केला. "हे तुम्हीच आणलंत?"

"माझ्याशिवाय दुसरं कोण आणणार, सर?"

"मग चौकशी काय करू?"

"जेवणाची सुट्टी एक ते दीड आहे, एवढी करा."

त्यांनी निनावी पत्रांच्या फायलीत तो कागद लावायला सांगितला. ती फाईलही माझ्याकडेच असते.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मला दुरुस्ती सुचली. क्रमांकामुळे घर ओळखू येतं ना, मग क्रमांक बदलू. मी लेखातली घरं उलटसुलट केली. चौथ्याला पहिलं, सातव्याला दुसरं, पहिल्याला आठवं. खाली टीप टाकली की क्रम बदललेला आहे. नवऱ्याला दाखवलं. त्याने वाचलं आणि खुर्चीतच मागे टेकला.

"तू पहिल्या घराला आठवं केलंस?"

"ओळखू येऊ नये म्हणून."

"अगं, वेळेचं लोक विसरले असते. हे कोण विसरणार? ह्या क्रमासाठी माझ्या आजोबांच्या काळात दोन वर्षं पालखी देवळातच राहिली होती."

तासाभरात ते पुन्हा पहिल्यासारखं केलं. पण तासभर पुरेसा असतो. मुंबईत कुणीतरी ते छापून घेतलं होतं. आता पहिल्या घराचा राग दोन कारणांसाठी होता, आणि चौथ्या घराच्या लोकांना पहिला मान एक तास मिळाला म्हणून बाकी चौदा घरं त्यांच्याशी बोलेनात. चौथ्या घरातल्या म्हाताऱ्याने मला निरोप पाठवला: "बाये, आमचं काय वाकडं केलं हुतं तुझं? आमी तर वीसच मिनटं घेतली."

पुढच्या शिमग्याच्या आधी, माघात, गावाची बैठक झाली. नवरा गेला होता. परत आला तो पायरीवरच बसून राहिला. लेख काढून टाकायचा आणि पुढच्या बैठकीत गावासमोर चूक कबूल करायची, नाहीतर यंदा पालखी आमच्या पायऱ्या चढणार नाही, असं ठरलं होतं. आठव्यावरून थेट दहाव्याला जायचं.

"काढून टाक की तो लेख," नवरा म्हणाला. "सतरा माणसं वाचतात."

"आता चारशे वाचतात."

"ते शिव्या घालायला येतात."

"वाचूनच घालतात ना?"

हे बोलताना मी शहरातल्या माझ्या घरात होते. सासूबाईंना सांगायला गावी गेले तेव्हा आधी अंगणातला केर काढला आणि मग सांगितलं. त्यांचं लग्न झाल्यापासून, बासष्ट वर्षं, त्या ओटी भरत आल्या होत्या. सासरे गेले त्या वर्षाचा खंड सोडला तर एकही साल चुकलं नव्हतं. विधवा झाल्यावर जावेने ताट हातात घ्यायला पाहिलं तर त्यांनी दिलं नव्हतं. माझ्या रकान्यांची किंमत ती ओटी होती.

त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "काय लिवलंस ता वाच बघू."

मी छापील कागद काढून वाचला. घर, वेळ, कारण. त्या सुपारी कातरत ऐकत होत्या.

"पाचव्या घराची नारळाची भांडणं लय जुनी," त्या म्हणाल्या. "ह्येंच्या बापांचीपन हुती." मग अडकित्ता खाली ठेवून, "खोटं काय हाय ह्यात?"

"खोटं काही नाही."

"मग चूक कसली कबूल करतीस?"

"न करून कसं चालेल? पालखी येणार नाही."

"लेख काढ. चूक मानू नको," त्या म्हणाल्या. "मी येतंय बैठकीला."

बैठकीला बायका जात नाहीत. बंदी अशी नाही, पण कुणी जात नाही. आम्ही दोघी देवळाच्या सभामंडपात गेलो तेव्हा सरकून बसायला लोकांना बराच वेळ लागला. माझ्या हातात फाईल होती, एकूण एक्केचाळीस प्रतिक्रिया, तारीखवार लावलेल्या. तिसऱ्या घरच्या निवृत्त साहेबांची नजर त्या फायलीवरून हटेना.

मी उभी राहिले आणि लेख काढून टाकते म्हणून सांगितलं. "आता माफी," पहिल्या घरचे मानकरी म्हणाले.

"माफीचं बघूया," सासूबाई बसूनच म्हणाल्या. "आदी मला सांगा, गेल्या साली मी साडेचारपर्यंत उपाशी हुते, ता खरं का खोटं?"

मग त्या मानकऱ्यांकडे वळल्या.

"दादा, तुमी सांगा. तुमी पालखीबरोबर हुतात."

मानकऱ्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "खरं हाय, काकी."

"आनि कागदावर हाय त्यात खोटं काय ता सांगा. मी माफी मागतंय."

पाचव्या घरचे दोन भाऊ एकमेकांकडे बघायला लागले. त्या वर्षातलं त्यांचं ते पहिलं एकमत असावं. मग मी म्हटलं की लेखाबरोबर त्याखालच्या प्रतिक्रियाही जाणार, तर जाण्याआधी त्या इथे मोठ्याने वाचून दाखवते; देवीच्या बाजूने गावाने किती मेहनत घेतली तेही देवळात कळायला हवं. मी पहिला कागद बाहेर काढला.

"वाचायची काय गरज नाय," निवृत्त साहेब म्हणाले. "झालं गेलं." शुद्ध बोलणारा माणूस होता, त्या दिवशी गावच्या बोलीत आला.

गुरवाला परिस्थिती सगळ्यांत आधी कळली. गुरवाला ती नेहमीच कळते. त्याने उठून देवीसमोर हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. बा म्हाराजा, ह्या लेकीनं काय चुकून लिवलं आसंल तर पदरात घे. व्हय म्हाराजा. आनि कुणी आपलं नाव झाकून बायमानसाला वायट लिवलं आसंल, गाडी-घोड्याचं भ्या घातलं आसंल, त्येला चांगली बुद्धी दे.

आता यावर "व्हय म्हाराजा" न म्हणणं म्हणजे कबुलीजबाबच. सगळे म्हणाले. निवृत्त साहेब सगळ्यांत मोठ्याने म्हणाले. फक्त मागच्या खांबाला टेकलेला एक चाळिशीतला माणूस, आठव्या घरचा, आमचा शेजारी, नेमका तेव्हा खोकत होता. त्याचं शहरात दुकान आहे, आमच्या उताराच्या तळाशी. मी वहीत क्रमांक तेवीससमोर काही लिहिलं नाही. पण तेव्हापासून त्याच्या दुकानावरून जाताना मी हॉर्न वाजवते.

दुसऱ्या दिवशी मी लेख काढला. एक बटण, आणि "खात्री आहे का?" असा प्रश्न. एवढ्या वर्षभरात मला हे सभ्यपणे विचारणारं ते यंत्र एकटंच.

शिमगा आला. पालखी आमच्याकडे येणार होती. पण गावाने माझ्या यादीतून जे घ्यायला नको ते घेतलं. मुंबईकरांनी वेळापत्रक छापून आणलं. प्रत्येक घराला बारा मिनिटं. आणि वेळ सांभाळायला माणूस नेमला, तो निवृत्त साहेब. त्यांच्या गळ्यात शिट्टी होती. मला ज्यांनी धर्म बुडवणारी म्हटलं होतं, ते देवीला शिट्टीवर उठवत घरोघर फिरवत होते. अंगणात बसून मी ढोल ऐकत होते. थांबला, बारा मिनिटं, शिट्टी, ढोल. मी मागितलं होतं ते हेच, की वेगळं, हे मला त्या दिवशी नीट सांगता आलं नसतं.

अकराच्या सुमारास पालखी आमच्या अंगणात बसली. रांगोळी अजून ओली होती. सासूबाई ताट घेऊन पुढे झाल्या. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, वेणी. गुडघे धरून सावकाश खाली बसल्या; बसण्यातच तीन मिनिटं गेली. मग त्यांनी देवीशी बोलायला सुरुवात केली. गुरवाला गाऱ्हाणं घालू दिलंच नाही. कुणाच्या नातीचं लग्न, कुणाची नोकरी, विहिरीचं पाणी, आंब्याचा मोहोर, सासऱ्यांचं राहून गेलेलं काहीतरी.

बाराव्या मिनिटाला शिट्टी वाजली. खांदेकरी दांड्याला लागले आणि थांबले. बाई ओटी भरत असताना पालखी उचलत नाहीत.

"काकी, टायम झाला," साहेब म्हणाले.

"तुमचा झाला आसंल," सासूबाई म्हणाल्या आणि एकेक दाणा मोजावा तसे तांदूळ घालायला लागल्या.

शिट्टी आणखी दोनदा वाजली. नवरा दांड्यापाशी उभा राहून हसू दाबत होता. मी खांबाआड उभी राहून घड्याळ बघत होते, आणि खरं सांगायचं तर प्रत्येक मिनिटाला मला बरं वाटत होतं. पालखी आमच्याकडे सत्तेचाळीस मिनिटं बसली. साहेब घामाघूम झाले. सासूबाईंनी त्या दुपारी दोनदा भात घेतला.

आठवड्याने ब्लॉग उघडला. पास होण्यासाठी एक प्रतिक्रिया आली होती, पापडांच्या यादीखाली. खाली अनामिक नव्हतं. सोळाव्या, म्हणजे शेवटच्या, घरातल्या सुनेचं पूर्ण नाव होतं, आडनावासकट.

"तुमच्याकडे पस्तीस मिनिटं जास्त गेली. वेळापत्रक सांभाळायला ती पुढच्या सात घरांतून कापली. आमच्याकडे पालखी सातच मिनिटं थांबली. माझ्या सासूबाईंना संधिवात आहे, त्यांना खाली बसायला वेळ मिळाला नाही. ओटी उभ्यानेच टाकली आणि पालखी उचलली. त्या दिवसभर बोलल्या नाहीत. तुमचा आधीचा लेख मला आवडला होता, म्हणून लिहिते."

पस्तीस भागिले सात, पाच. बारा वजा पाच, सात. हिशेब बरोबर होता.

वहीत तिच्यासाठी प्रकार सापडेना. शिवी नव्हती, सल्लाही नव्हता. मी ती पास केली आणि खाली लिहिलं, "तुमचं म्हणणं बरोबर आहे." मग कागद छापून गावी नेला आणि सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचायला लावला.

"तिच्या सासूला मी वळखतंय," त्या म्हणाल्या. "आमी एका सालात लगीन करून आलो ह्या वाडीत." मग कातरलेली सुपारी डब्यात भरली.

"तिला लिव," त्या म्हणाल्या, "फुडच्या साली मी उभ्यानं भरीन."

मी लिहून घेतलं. उठणार तेवढ्यात त्यांनी हात धरला.

"जमलं तर, आसं घाल खाली."